लिलावात घर स्वस्त मिळतं म्हणे!

पेपर हातात आला की आपण आधी स्पोर्ट्सचं पान काढतो, मग सिनेमा, आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून राशिभविष्य. मधल्या कुठल्यातरी पानावर बारीक टायपातल्या चौकटी असतात, तिथं आपली नजर थांबत नाही. ‘ताबा सूचना’, ‘जाहीर लिलाव’, ‘ई-लिलाव विक्री नोटीस’. कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं, गट नंबर, चतुःसीमा आणि शेवटी एक रक्कम. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्थांचं जाळं इतकं दाट आहे, की या चौकटींत ओळखीचं गाव दिसणं अजिबात अवघड नाही. कधी कोडोली, कधी कळे, कधी थेट पन्हाळा.

अलीकडे मात्र या चौकटींना नवे वाचक मिळालेत. ‘बँकेच्या लिलावात निम्म्या किमतीत घर’ सांगणारी रील्स फिरतायत. नोकरीला नुकताच लागलेला एखादा सीनियर कट्ट्यावर सांगतो, ‘भावा, पन्हाळ्याच्या पायथ्याला प्लॉट निघालाय, बाजारात पन्नास आणि लिलावात तीस!’ एवढं ऐकलं की आपल्या डोक्यात फार्महाऊस, होम-स्टे, पावसातलं धुकं असं सगळं एकदम सुरू होतं.

तीस आणि पन्नास यांच्यात वीस लाखांचा फरक असतो. तो कुठून येतो, आणि तो कोण सोसतं, हे बघितल्याशिवाय या ऑफरचा अर्थ लागत नाही.

एका चौकटीमागचं वर्ष

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. घराचा लिलाव होण्याआधी काय काय घडतं, ते आजच्या कायद्यात नीट लिहून ठेवलंय. या कायद्याचं नाव २००२ चा ‘सरफेसी’ कायदा. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं ‘एनपीए’ होतं. मग बँक कलम १३(२) खाली नोटीस पाठवते : ६० दिवसांत सगळी रक्कम भरा. कर्जदार त्यावर लेखी हरकत घेऊ शकतो आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पैसे भरले गेले नाहीत तर बँक तारण मालमत्तेचा ताबा घेते. त्याची सूचना दोन प्रमुख वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. म्हणून ती चौकट आपल्या मराठी पेपरात येते.

त्यानंतर मान्यताप्राप्त व्हॅल्युअर किंमत काढतो, बँक ‘राखीव किंमत’ ठरवते आणि विक्रीची नोटीस निघते. पहिल्या लिलावाला किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. बोली लागली नाही आणि पुन्हा लिलाव ठेवला तर १५ दिवस पुरतात. सरकारी बँकांचे लिलाव आता ‘बँकनेट’ या पोर्टलवर एका जागी दिसतात. लहान सहकारी बँकांचे लिलाव बऱ्याचदा त्यांच्या कार्यालयातच, सीलबंद निविदा उघडून होतात.

या सगळ्यात कुठंही कोर्ट नाही, हे लक्षात आलं का? सरफेसीचं वैशिष्ट्यच ते आहे. दिवाणी न्यायालयात दावा न लावता बँकेला स्वतःच वसुली करता येते. दाद मागायची असेल तर कर्जदाराला ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे जावं लागतं. आपल्या भागासाठी ते पुण्यात आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि वकिलांचा कित्येक वर्षांचा लढा संपला. पण डीआरटीची फेरी अजून पुण्याचीच. हप्ता थकलेल्या माणसासाठी तो प्रवासही खर्चच असतो.

मुरगूडची बँक आणि दिल्लीचा निकाल

हा कायदा सहकारी बँकांना लागू होतो का, यावर देशात बरीच वर्षं वाद होता. सहकार हा राज्याचा विषय, बँकिंग केंद्राचा. मग सहकारी बँकेनं नेमका कुठला कायदा वापरायचा? हा वाद ज्या खटल्यात निकाली निघाला, तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. कागल तालुक्यातल्या मुरगूडची विश्वासराव पाटील सहकारी बँक त्यात पक्षकार होती. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ५ मे २०२० रोजी निकाल दिला की सहकारी बँकाही ‘बँक’च आहेत आणि त्यांना सरफेसीखाली वसुली करता येते. तेव्हा देशात लॉकडाऊन होता, त्यामुळे ही बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पण तालुक्याच्या गावातल्या बँकेच्या हातात आता नेमकं काय आहे, ते या निकालानं पक्कं केलं.

पतसंस्था आणि विकास सोसायट्यांचा रस्ता वेगळा. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात. मग वसुली अधिकारी १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि लिलाव करतो. सरफेसीत नसलेली एक सोय इथं आहे. लिलाव झाल्यानंतरही कर्जदारानं ३० दिवसांत सगळी थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द होऊ शकते. म्हणजे तुम्ही बोली जिंकली, पेढे वाटले, आणि महिन्याभरानं पैसे आणि वर पाच टक्के घेऊन परत आलात, असं होऊ शकतं.

सरफेसीत उलट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. बाफना मोटर्सच्या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. तिथं लिलावातली सर्वात मोठी बोली लागल्यानंतर कर्जदार त्याहून जास्त पैसे द्यायला तयार झाला होता, तरी न्यायालयानं बोली जिंकणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला. त्यामुळे पेपरातली ती चौकट घरवाल्यांसाठी इशारा असतेच, पण ती दिसली त्या दिवशी बहुतेक वेळा शेवटची संधीही गेलेली असते.

हिशेब मांडून बघू

समजा, एका घराची राखीव किंमत ३० लाख आहे. बोलीत भाग घ्यायला साधारण १० टक्के बयाणा भरावा लागतो : ३ लाख. तुमची बोली ३६ लाखांवर थांबली आणि तुम्ही जिंकलात. आता ३६ लाखांचे २५ टक्के म्हणजे ९ लाख त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. बयाणा वजा जाता ६ लाख, चोवीस तासांत. उरलेले २७ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँक लेखी मान्यता देऊन मुदत वाढवू शकते, पण तीही जास्तीत जास्त तीन महिने.

होम लोन काढू, असं म्हणाल. कागदपत्रं, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन हे सगळं पंधरा दिवसांत उरकणं कठीण असतं, आणि घराचा प्रत्यक्ष ताबा मिळालेला नसेल तर दुसरी बँक कर्ज द्यायला काचकूच करते. पैसे उभे राहिले नाहीत तर? भरलेले ९ लाख जप्त. ‘एवढी मोठी शिक्षा कशी?’ असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की नियमानुसार पूर्ण २५ टक्के जप्त करणं वैध आहे.

वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आहेच. लिलावातलं घर म्हणून त्यात माफी नसते. ५० लाखांच्या वरचा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारीही खरेदीदारावर.

आता मला सांगा, पंधरा दिवसांत रोख २७ लाख उभे करू शकणारा माणूस कोण? नवी नोकरी लागलेला सीनियर नक्कीच नाही. लिलावातली स्वस्ताई प्रामुख्यानं ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे त्यांच्यासाठी असते. वीस लाखांच्या फरकातला एक मोठा तुकडा हा ‘घाईची किंमत’ आहे.

कुलूप कुणाकडे आहे?

दुसरा तुकडा एका शब्दात लपलेला असतो. नोटिशीत ताब्यापुढं ‘सांकेतिक’ लिहिलंय की ‘प्रत्यक्ष’, ते बघा. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दारावर नोटीस चिकटवलीय, आत मात्र कुटुंब राहतंय. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यानं त्यावर निर्णयाला ३० दिवस दिलेत आणि कारणं नोंदवून ते ६० पर्यंत वाढतात. पण त्यानंतर पोलीस बंदोबस्त, तारखा, स्थगिती असं शेपूट वाढत जातं.

त्याच नोटिशीत आणखी एक ओळ असते : ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे या तत्त्वाने’. वाचताना जीभ अडखळते, पण मराठीत सांगायचं तर अर्थ एवढाच : नंतर आमच्याकडे येऊ नका. घरपट्टी थकलेली असेल, सोसायटीची देणी असतील, विजेचं बिल राहिलं असेल, भाडेकरू असेल, तर ते शोधून काढणं तुमचं काम. मागच्या मालकाची वीजथकबाकी नव्या मालकाकडून मागता येते का, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मे २०२३ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की वीज नियमांत तशी तरतूद असेल तर मागता येते.

मोठ्या लोकांचंही असंच होतं, हे बघायला गोव्यात जाऊ. तिथलं पार्क हयात हॉटेल २०१५ मध्ये थकीत कर्जापोटी लिलावात निघालं आणि आयटीसी कंपनीनं ते ५१५ कोटींना घेतलं. आधीच्या मालक कंपनीनं कोर्टात बरेच मुद्दे मांडले. त्यातला एक असा की तारण जमिनीचा काही भाग शेतीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं अखेर मार्च २०१८ मध्ये लिलाव वैध ठरवला. आयटीसीला तीन वर्षं थांबणं परवडलं. तुमच्या-माझ्या घरात डोक्यावर हप्ता आणि वर भाडं, असं तीन वर्षं चाललं तर काय होईल?

लिलावातली किंमत म्हणजे त्या मालमत्तेबद्दल खरेदीदारांना वाटणारी भीती किंवा हौस, असंही म्हणता येईल. मुंबईत विमानतळाजवळचं ‘किंगफिशर हाऊस’ मार्च २०१६ मध्ये १५० कोटींच्या राखीव किमतीला निघालं, तेव्हा एकही बोली आली नाही. किंमत उतरत उतरत २०२१ मध्ये ते ५२ कोटींच्या आसपास विकलं गेलं. उलट जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावातल्या दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाच्या जमिनींचा सरकारी लिलाव झाला, तेव्हा १५,४४० रुपये राखीव किंमत असलेल्या एका तुकड्यावर २ कोटी १ लाखाची बोली लागली. राखीव किंमत बघून ‘स्वस्त’ किंवा ‘महाग’ ठरवायचं नसतं, ते यासाठी.

शेतजमीन : इथं गाडी अडते

पन्हाळा तालुक्यात लिलाव म्हटलं की घरापेक्षा जमिनीचं आकर्षण जास्त. वाघबीळ ओलांडलं की दोन्ही बाजूंना हिरवं, वर गड, पलीकडं जोतिबाचा डोंगर. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. कुणालाही मोह होईल.

पण सरफेसी कायदा शेतजमिनीवरच्या तारणाला लागूच होत नाही. कलम ३१ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. न्यायालयांनी त्यात एक भर घातलीय : सातबाऱ्यावर नुसतं ‘शेती’ असून पुरत नाही, जमिनीचा वापर प्रत्यक्ष शेतीसाठी हवा. म्हणजे खऱ्याखुऱ्या उसाच्या रानाचा लिलाव बघायला मिळाला तर तो बहुधा सहकार कायद्याखालचा, दिवाणी हुकूमनाम्याचा किंवा महसुली वसुलीचा असतो.

आणि घेणारा कोण, यालाही कुंपण आहे. आपल्याकडच्या १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ सांगतं, शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. लिलाव म्हणजे पळवाट, असा बऱ्याच जणांचा समज असतो. कलमाच्या शब्दांत कोर्टाच्या हुकूमनाम्यातली विक्री आणि महसुली थकबाकीसारखी वसूल होणाऱ्या रकमेसाठीची विक्री कंसात आधीच धरलेली आहे. त्यामुळे घरात कुणाच्याच नावावर सातबारा नसेल, तर बोली जिंकूनही फेरफार अडकेल. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर आणखी वेगळी परवानगी लागते. ‘लिलावात घेतलेले दोन गुंठे’ तुम्हाला कुणी विकू लागला, तर तुकडेबंदीचे आजचे नियम तलाठ्याकडून समजून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

गडावरचं घर

खुद्द पन्हाळगडावर गोष्ट आणखी गुंतागुंतीची. हा महाराष्ट्रातल्या अशा मोजक्या किल्ल्यांपैकी एक, जिथं आजही लोकवस्ती आहे, नगरपरिषद आहे, तहसील आहे, शाळा आहेत. वस्ती तीन हजारांच्या आसपास. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. गडावर राहणाऱ्यांना मात्र अभिमानाबरोबर एक काळजीही होती : आता घराचं काय?

कारण नियम जुनेच आहेत आणि कडक आहेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. हे अंतर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं घातलं गेलं. जुन्या घराची डागडुजी करायची तरी परवानगीचा अर्ज आणि वाट बघणं आलंच. आता समजा, अशा पट्ट्यातलं एखादं जुनं कौलारू घर लिलावात निघालं. व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये चौरस फूट दिसतात. ‘पाडून तीन मजली होम-स्टे बांधता येणार नाही’ हे त्या रकान्यात दिसत नाही. पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराला घर स्वस्त वाटतं. स्थानिक माणसाला ते योग्य किमतीचं वाटतं, कारण त्याला अंतर माहीत असतं.

पावसाचाही हिशेब धरा. २०२१ च्या पावसाळ्यात गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहतूक बराच काळ बंद राहिली. तेव्हा गडावरच्या हॉटेल-लॉजवाल्यांचे हप्ते थांबले नव्हते, पर्यटक मात्र थांबले होते. खाली कासारी आणि वारणेच्या काठाला पूररेषा असते, निळी आणि लाल. कर्ज थकण्याची कारणं माणसाच्या उधळेपणातच असतात असं नाही, ती भूगोलातही असतात. आणि ज्या कारणानं आधीच्या मालकाचं कर्ज थकलं, ते कारण घरासोबत नव्या मालकाकडे येतं.

बोली का लागत नाही?

गावातल्या घराच्या लिलावाला गावातला माणूस सहसा जात नाही. भावकीतल्या, शेजारच्या घरावर बोली लावायची म्हणजे उद्या त्याच विहिरीवर, त्याच जत्रेत तोंड दाखवायचं असतं. ही भावना आजची नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर जमिनी हातातून जात होत्या, त्याचा तो राग होता. इंग्रज सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. गेल्या काही वर्षांत नाशिक जिल्हा मध्यवर्ती बँकेनं थकबाकीदारांच्या जमिनींवर कारवाई सुरू केली, तेव्हाही शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या.

पण या भावनेचा एक उलटा परिणाम होतो, आणि त्यावर आपण बोलत नाही. स्थानिक लोक बोली लावत नाहीत म्हणून पहिला लिलाव फसतो, राखीव किंमत उतरते, दुसरा फसतो, आणखी उतरते. शेवटी बाहेरचा एखादा रोकड बाळगणारा येतो आणि घर उचलतो. सहकार कायद्याच्या कलम १०० खाली तर न विकली गेलेली मालमत्ता संस्थेच्याच नावावर करून घेता येते. आता बघा, घरवाल्यांचं काय होतं. समजा, देणं ४० लाख आहे आणि घर ४५ लाखांना गेलं, तर खर्च वजा करून वरचे पैसे बँकेनं कर्जदाराला परत द्यायचे असतात. तेच घर ३० लाखांना गेलं तर? घर तर गेलंच, वर १० लाख देणं उरलं, आणि त्यासाठी बँक पुन्हा मागं लागू शकते. म्हणजे ‘निम्म्या किमतीत घर’ या रीलमधली उरलेली निम्मी किंमत गायब होत नाही. ती आधीच्या मालकाच्या आणि त्याच्या जामीनदाराच्या खात्यावर चढते.

यावरून ‘लिलाव बंदच करा’ असंही म्हणता येत नाही. बँकेतला पैसा हा कुणाच्या तरी निवृत्त काकांचा, कुणाच्या आईच्या भिशीचा असतो. वसुली थांबली की काय होतं, हे ठेवी अडकलेल्या पतसंस्थांच्या दारातल्या रांगांनी महाराष्ट्राला दाखवलंय. वसुली हवीच. प्रश्न एवढाच की ती चांगल्या किमतीला, सगळ्यांना कळेल अशी का होऊ नये?

त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. नोटीस वाचता येईल एवढ्या टायपात आणि कळेल अशा मराठीत द्या. मालमत्तेवरची थकबाकी, ताब्याची स्थिती, स्मारकापासूनचं अंतर, पूररेषा ही माहिती खरेदीदारानं शोधण्याऐवजी बँकेनंच नोटिशीसोबत जोडावी. माहिती जितकी जास्त, तितके बोली लावणारे जास्त आणि किंमत तितकी खरी. यात बँकेचाही फायदा आणि घर गमावणाऱ्याचाही. आणि विक्रीची नोटीस छापण्याआधी एकरकमी परतफेडीची शेवटची संधी कर्जदाराला समोर बसवून, त्याच्या भाषेत समजावून द्यावी, कारण त्या चौकटीनंतर कायदा त्याला थांबू देत नाही.

आपला यात काय संबंध?

आहे, आणि दोन बाजूंनी आहे.

एक म्हणजे उद्याचे खरेदीदार म्हणून. कधी बोली लावायची वेळ आलीच तर निदान एवढं करा :

• नोटिशीत कायदा कुठला लिहिलाय ते आधी बघा : सरफेसी, की सहकार कायद्याचा नियम १०७. पुढचं सगळं त्यावर ठरतं.
• सातबारा किंवा मिळकत पत्रिका ताजी काढा. ‘इतर हक्क’ रकाना आणि शेवटचे फेरफार वाचा.
• सेरसाई या केंद्रीय नोंदणीत दुसऱ्या कुठल्या बँकेचं तारण आहे का, ते थोडक्या शुल्कात शोधता येतं.
• डीआरटीत किंवा कोर्टात दावा चालू आहे का, हे बँकेला लेखी विचारा.
• जागेवर जा. आत कोण राहतं ते बघा, शेजाऱ्यांशी बोला, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत घरपट्टी विचारा.
• उरलेले ७५ टक्के कुठून येणार, हे बयाणा भरण्याआधी कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर बोली लावू नका.
• ‘मी मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला रोख देऊ नका. बयाणा थेट बँकेच्या खात्यात जातो.

दुसरी बाजू जास्त जवळची. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि आपल्या घरी तारण म्हणजे बहुतेक वेळा राहतं घरच असतं. परदेशी मास्टर्सचा अर्ज भरताना आपण रँकिंग बघतो, हवामान बघतो. बाबांनी कुठल्या कागदावर सही केली, ते विचारत नाही. घरातला कुणीतरी मित्राच्या, पाहुण्याच्या कर्जाला ‘नुसती सही’ म्हणून जामीनदार झालेला असतो. कायद्यात नुसती सही असा प्रकार नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते आणि त्यानं स्वतःची मालमत्ता तारण दिली असेल तर तिचाही लिलाव होऊ शकतो.

कलम १३(२) ची नोटीस इंग्रजीत, दहा-बारा पानांची, रजिस्टर पोस्टानं येते. खेड्यातल्या कितीतरी घरांत ती देवळीत किंवा फ्रिजवर पडून राहते, कारण वाचणार कोण? पण तिथूनच ६० दिवस मोजले जातात, आणि हरकत घेणं, बँकेत जाऊन बोलणं, हप्ते बांधून घेणं, एखादा तुकडा स्वतः चांगल्या किमतीला विकून कर्ज फेडणं, हे सगळं त्याच दिवसांत शक्य असतं. घरात इंग्रजी वाचता येणारं जे कुणी कॉलेजात शिकतंय, त्यानं ते पाकीट उघडून आई-बाबांना मराठीत वाचून दाखवलं आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, तर त्या घराचं नाव चौकटीत येण्याआधी दोन महिने हातात राहतात.